सोळाचे अठ्ठेचाळीस

लेक : आई, ते कार्ड दे इकडे. मी बसवते.

आई : हात लावू नकोस. अगोदर बटण बंद केलंस का?

लेक : केलं. अगं, कॉम्प्युटरचंच काम करते मी कंपनीत.

आई : तिथं कर. हा माझा आहे. अडतीस वर्षं कपाटावर होता, आणि परवा तू भंगारात काढायला निघालीस.

लेक : चुकलं बाई. पण ही मेमरीची कार्डं मिळाली कुठं? आता कोण विकतं?

आई : मिळाली नाहीत, केली. एका हौशी माणसाने कार्डाच्या सर्किटचा नकाशा पाठवला, सुटे भाग पोस्टाने आले, सोल्डर मी केलं. तीन आठवडे गेले.

लेक : या थरथरत्या हातांनी?

आई : कोपर टेबलावर टेकवलं की नाही थरथरत. लाव बटण.

लेक : मेमरी बत्तीस केबी दाखवतोय. मूळचे सोळा, एका कार्डाचे सोळा. दुसरं कार्ड लागलंच नाही.

आई : बंद कर. भिंग दे.

लेक : राहू दे ना. बत्तीस काय कमी आहेत?

आई : बत्तिसात माझं शाळेचं वेळापत्रक मावत नाही. बावीस शिक्षक, चौदा वर्ग. सोळात तर नावं घालता घालताच मेमरी संपायची. मुख्याध्यापक भर मीटिंगमध्ये म्हणाले, ‘बाई, खेळणं घरी ठेवा, मुलांना गणित शिकवा.’ सगळे हसले.

लेक : हे कधी बोलली नाहीस.

आई : काय बोलायचं? प्रोग्राम बरोबर होता, जागा अपुरी होती. मला ते कळत होतं, त्यांना नव्हतं... हा बघ. चिपच्या या पायाला सोल्डर धरलंच नाही.

लेक : मी करू?

आई : तू दिवा धर.

(आई भिंगातून बघत त्या पायाला पुन्हा सोल्डर लावते.)

आई : लाव आता.

लेक : अठ्ठेचाळीस. आई, अठ्ठेचाळीस आले.

आई : वाचता येतं मला. कॅसेट लाव. प्रोग्राम आणि नावं तुकड्यातुकड्यांनी तिच्यावरच साठवलीत.

लेक : केवढी किरकिरतेय. एवढी जुनी, चालेल?

आई : नाही चालली तर दुसरी प्रत आहे. दम धर.

लेक : आलं गं. भूगोलाचे सर, विज्ञानाच्या बाई... सोमवार, मंगळवार...

आई : नीट तपास. कुणी एकाच तासाला दोन वर्गांत सापडलं तर सांग.

लेक : नाही. शनिवारपर्यंत एकही नाही. तुला शिकवलं कुणी हे?

आई : कोण शिकवणार? याच्यासोबत एक पुस्तक आलं होतं. तू मांडीवर बसून त्याची पानं चघळायचीस, उरलेली मी वाचायची.

लेक : मुख्याध्यापकांनी बघायला हवं होतं.

आई : त्यांचं काय एवढं? चाललं, मी पाहिलं. फोन घे, मघापासून वाजतोय.

लेक : हॅलो... नाही सर, दुपारच्या मीटिंगला नाही जमणार. नाही नाही, घरी सगळं ठीक आहे. माझ्या आईने एक प्रोग्राम लिहिलाय. तो बघत बसलेय.