शेणाची जीन

म्या जळकोटची, मास्तर. तुमी चित्र काढायचं थांबू नका, काढत काढत ऐका, माझं तोंड काय थांबत न्हाय, ह्यांना इचारा वाटलं तर. बाप गाडीवाला व्हता. शेत न्हाय, वावर न्हाय, दोन बैलं आन एक गाडी. सुगी झाली की खेड्यापाड्यातला कापूस भरायचा आन मुरुमला ह्या जीनवर आनून टाकायचा. जीन म्हंजे सरकी काढायचा कारखाना, आता तुमच्या साळंतल्या लेकरांना सांगितलं तर खरं वाटत न्हाय, पर तुमी जिथं पाढे म्हणून घेता ना, तिथं छताला टेकंल एवढा कापूस असायचा आन बाया तोंडाला पदर बांधून काम करायच्या. बापानं इथल्याच चौकीदाराचं पोरगं बघितलं. घरी येऊन आईला म्हणला, पोरगं लई इमानी हाय, गेट सोडून कुठं जात न्हाय. बापाला त्येच आवडलं बगा. गेट सोडून जात न्हाय हे खरं व्हतं, किती खरं ते मला लग्नानंतर कळलं.

तर तुमी चित्र काढताव त्या ह्या गवळणीचं इचारलं तुमी. दिवाळीत आपल्याकडं दारात शेणाच्या गवळणी घालत्यात, तुमच्याकडं बी घालत असतील. आईचा हात लई चांगला. ताजं शेण घ्यायची, भराभर बोटं चालायची, की झाली ताक घुसळनारी, झाली दळनारी, झाला गोठा, झाली बैलं. वरनं तरवडाची पिवळी फुलं. आई म्हणायची, नागव्वा, आपल्या घरात जे हाय ते समदं घालायचं, दिवाळीला लक्ष्मी बघत जाती, जे घातलं त्याच्यावरच तिची नजर पडती. म्हणून आमच्या दारात गोकुळ कमी आन बापाची गाडी मोठी असायची.

लग्न होऊन आले तर घर कुठलं? ह्या कंपौंडातली ती एक खोली. गाय न्हाय, गोठा न्हाय, ताक घुसळायला म्हैस न्हाय. पहिल्या दिवाळीला म्या काय घालू? मंग म्या जीनच घातली. ही चारी बाजूची भिंत, हे गेट, ते धुराडं, इंजन, सरकीचा ढीग. सरकी खरीच चिकटवली. मुरुमच्या बाया बघायला आल्या आन पोट धरून हसल्या. लोक गोकुळ घालतेत, ह्या बाईनं कारखाना घातला! खैरून तेवढी हसली न्हाय. खैरून म्हंजे इंजनच्या मिस्त्रीची बायको, भिंतीला लागूनच त्यांचं घर. ती खाली बसून बघाली आन म्हणाली, मेरा मरद किधर है इसमें? म्या इंजनापाशी तिचा मिस्त्री उभा केला, तवापासनं आमचं जमलं.

मंग ती मोठी लढाई आली, इंग्रजाची. इंजनला सामान मिळंना, तेल मिळंना, जीन बंद पडली. शेठनं सोलापूरला जायचं ठरवलं, तिकडं इंग्रजी राज्य, इकडं आपली निजामाची मोगलाई. जायच्या आदल्या दिवशी शेठ ह्यांना घेऊन महादेवाच्या देवळात गेला आन ह्यांच्याकडनं बेलभंडारा उचलून घेतला. हातात बेलाची पानं, भंडारा, आन देवासमोर बोलायचं, की शेठ परत येईपर्यंत म्या जीनची राखण करीन, गेटाच्या भायेर मुक्काम करनार न्हाय. एवढंच बोलायचं व्हतं, मास्तर. पर ह्यांना जोर आला. शेठनं इश्वास टाकला म्हणून छाती फुगली. हे बोलले, मी बी करनार न्हाय आन आमच्या घरातनं बी करनार न्हाय.

कुणी सांगितलं व्हतं का ओ? शेठनं माझं नाव तरी काढलं व्हतं का? बायकोचं नाव घ्यायचं न्हाय म्हणून आपल्याकडची मानसं बायकोला घरातनं म्हणत्यात. त्या एका शब्दात म्या अडकले. घरी आल्यावर म्या भांडले. म्हणलं, घरातनं म्हंजे काय मीच का? ते मांजर बी घरातलंच हाय, ते रोज रात्री उंडारतंय, त्याला लागतो का तुमचा बेलभंडारा? हे म्हणले, अगं, देवाला कळतंय की. म्हणलं, देवाला कळायला नाव लागतं, नाव घेतलं का तुमी? तर म्हणले, देवासमोर बायकोचं नाव कसं घेऊ? आता ह्या मानसापुढं काय डोकं फोडावं!

दिवसा जायला आडकाठी नव्हती. बाजार, पानी, देऊळ, समदं करायचं, पर दिवस बुडायच्या आधी आत यायचं. आन जळकोट काय दिवसात जाऊन येन्यासारखं हाय का? गाडीनं गेलं की एक मुक्काम पडतोच. म्हंजे माझं माहेर तुटलं. शेठ म्हणून गेला व्हता लढाई संपली की येतो. म्या रोज कुनालाबी इचारायचे, संपली का लढाई?

शेठ आला न्हाय, लेव्ही आली. निजाम सरकारनं शेतकऱ्याची ज्वारी घ्यायची आन ठेवायची कुठं, तर ह्या जीनमधी. हुकूम घेऊन गिरदावर, म्हंजे महसूलचा साहेब आला, ह्यांनी मुकाट किल्ली दिली, सरकारपुढं काय चालतंय. पोत्यावर पोती, उंदरं ही एवढाली. बाया भिंतीच्या भायेर उभ्या ऱ्हाऊन म्हणायच्या, आमची ज्वारी आत हाय, आन आमी ती परदेशातली लाल मिलो ज्वारी खायलाव. त्या दिवाळीला म्या धुराडं घातलं पर इंजन न्हाय घातलं, नुसती पोती घातली आन वर उंदीर. गिरदावर रागानं बघत गेला. पुढं पटकी आली तवा पाऊसकाळात आजारी मानसं इथंच आनून ठेवली, तवा दिवाळीला म्या बाजा घातल्या. ज्या बाजंवरचं मानूस गेलं तिच्यावर फूल लावलं न्हाय. लोक आता हसत नव्हते. लोक बघायला यायचे, आपलं मानूस हुडकायचे.

लढाई संपून गेली तरी शेठचा पत्ता न्हाय, आन मंग आईचं दुखनं आलं. भाऊ गाडी घेऊन आला, गेटापाशी उभा. म्हणला, नागव्वा, आई तुझं नाव घेतीय, चल. म्या लुगडं बदललं, गठुडं बांधलं. हे गेटात उभे. म्हणले, जा की, पर संध्याकाळच्या आत ये. भाऊ म्हणला, दाजी, असं कसं, जायलाच दिवस जातो. हे म्हणले, मंग कसं करावं? आन रडायला लागले, खरंच सांगते, माझ्यासमोर उभं ऱ्हाऊन हे रडले, म्हणले, बेलभंडारा मोडला तर वंश बुडंल गं. लेकरू तर नव्हतंच आमाला, वंश कुठला बुडनार व्हता! पर म्या थांबले. गठुडं तसंच हातात धरून म्या दारात बसले आन भाऊ रिकामी गाडी घेऊन गेला. आठ दिवसानं सांगावा आला, आई गेली. त्या वर्षी गवळणी न्हाईत, दिवाळीच न्हाय.  लई दिवस ह्यांच्यापुढं भाकरी सरकवायची आन तोंड फिरवायचं.

पुढच्या साली बंदूकवाले आले. कुठले, कुनाचे, ते म्या सांगत न्हाय, तुमाला ठाऊक हाय. त्यांनी जीन घेतली आन गेटावर पहारा बशिवला, तवा माझं दिवसाचं जानं बी बंद झालं. पानी सुदीक त्यांच्या परवानगीनं. म्या खोलीत, खोली कंपौंडात, कंपौंडाला बंदुका. तिथंच कुना कुनाला आनून कोंडायचे, आरडलेलं ऐकू यायचं, म्या कानात बोळे घालायचे कापसाचे. तरीबी दिवाळी आली तशा म्या गवळणी घातल्या. बंदूकवाले घातले, तरवडाच्या काड्या त्यांच्या हातात दिल्या. त्यांचा जमादार आला, खाली वाकला. इसमें मैं कौन है? म्या म्हणलं, ह्यो. मेरी मूछ किधर है? म्या कनसाचे केस आनून मिशा लावल्या. लई हसला. हसत हसत उठला आन जाताना बुटानं धुराडं मोडून गेला. म्या ते परत उभं केलं न्हाय, मोडलेलं बी खरंच व्हतं की.

मंग हिंदुस्थानची फौज आली, चार दिवसात निजामाचं राज्य गेलं, बंदूकवाले पळाले. म्हणलं, सुटले. काय सांगू तुमाला, एकाचं सुटनं म्हंजे दुसऱ्याचं अडकनं असतं. दुसऱ्याच दिवशी खैरून भिंतीपाशी आली, संगं शेजारच्या खेड्यातल्या बाया, कडंवर लेकरं. नागव्वा, हमकू अंदर ले ले. मिस्त्री कुठं गेला तिला ठाऊक नव्हतं. ह्यांनी गेट उघडलं, समद्यांना आत घेतलं आन कुलूप लावलं. दिवस कलताना बंदूकवाल्यांचा राग ह्या बायांवर काढायला मानसं आली, काठ्या, कुऱ्हाडी. त्यात वळखीची बी व्हती. हे गेटाला पाठ लावून भायेर उभे. आवाज घट्ट. म्हणले, म्या महादेवाचा बेलभंडारा उचललाय ह्या जीनच्या राखणीचा. ज्याला आत जायचं त्यानं आधी माझा बेलभंडारा मोडावा, पाप त्याच्या माथी. आन बगा, मास्तर, ती मानसं थांबली. कुऱ्हाडीला भ्याली नसती, पर बेलाच्या पानाला भ्याली. घुटमळली, शिव्या दिल्या आन माघारी गेली. आत खैरून माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली आन म्या मनात म्हणायले, हाच बेलभंडारा, ह्यानंच मला आईचं तोंड बघू दिलं न्हाय. राग बी धड करता येईना मला. त्या दिवाळीला जीन भरून बाया घातल्या म्या, समद्यांच्या कडंवर लेकरू. मिस्त्री पुढं सापडला, खैरून आता गुलबर्ग्याकडं असती.

ह्या साली तुमची साळा आली. साळंला जागा द्यायची म्हणून सोलापूरहून शेठचा पुतण्या कागद घेऊन आला. ह्यांनी धोतर धुतलेलं घातलं, हात जोडले, इचारलं, शेठ कवा येनार? पुतण्या चहा पीत व्हता. म्हणला, काका? काका तर लढाई संपायच्या आधीच वारले. तुमाला कुणी कळवलं न्हाय का?

चौकीदाराला कोन कळवतंय, मास्तर? लढाई संपायच्या आधी! म्हंजे माझा भाऊ गाडी घेऊन गेटात उभा व्हता तवा शेठ नव्हताच. मेलेल्या मानसाची वाट बघत म्या गठुडं धरून बसले व्हते. त्या दिवशी म्या ह्यांना काय काय बोलले ते तुमच्यासमोर सांगायचं न्हाय.  हे गेटापाशी जाऊन बसले, आन मंग म्हणले, शेठनं येऊन सोडवायचं व्हतं, आता कोन सोडवनार?

म्या अय्यांना बोलवून आनलं, आमचे जंगम स्वामी. ते म्हणले, ज्या जाग्यावर उचलला त्या जाग्यावर उतरवून ठेवा, पर ज्याच्या नावाचा हाय त्याचं नाव घ्यावं लागंल. आमी देवळात गेलो. ह्यांनी बेल हातात घेतला, डोळे मिटले आन मोठ्यानं बोलले, नागव्वाचा बेलभंडारा उतरवला. लग्नात उखान्यात घेतलं असंल तेवढंच, त्यानंतर त्या दिवशी माझं नाव त्या तोंडातनं ऐकलं. अय्या म्हणले, आता तुमचा. हे म्हणले, माझा ऱ्हाऊ द्या, साळंला बी राखण लागतीच की.

असं झालं बगा. मी सुटले आन हे ऱ्हायले. कापसाची धूळ छातीत बसलीय त्यांच्या, ऐकू येतंय का खोकला? रात्री दोन-तीनदा पानी द्यावं लागतं, पाठ चोळावी लागती. उद्या भाऊबीज, भाऊ गाडी घेऊन येनार हाय. कालच सांगावा आलाय, नागव्वा, आता मुक्कामालाच चल. हे म्हणायलेत, जा, चार दिवस ऱ्हाऊन ये, मला काय झालंय. आता कोन आडवं येत न्हाय. पर जाऊ कुनाकडं? भाऊ चांगला हाय, भावजय बी चांगली हाय, पर मुक्काम करायचा तो आईपाशी करायचा असतो. भावाला ओवाळीन, जेवू घालीन आन दिवस हाय तोवर लावून दीन.

ह्या दिवाळीला म्या तुमचा वर्ग घातलाय बगा, लक्ष्मीची नजर पडंल त्याच्यावर, देव तुमच्या हाताला यश देवो. पर एक इचारू का? सुट्टी लागून इतके दिवस झाले, तुमी अजून इथं कागद घेऊन बसलाव. तुमच्या गावाचं नाव ईट ना? लांब हाय. आई हाय ना तुमची? मंग उठा की, मास्तर. चित्र ऱ्हाऊ द्या अर्धं. आत्ता निघालाव तर उद्या दिवस बुडायच्या आत आईपाशी पोचाल.