आखाजीला गळालेली टाकी

माझं माहेर वरणगावकडचं, केळीच्या मळ्यातलं. सातवीतून शाळा सुटली ती सुटलीच, आणि लग्न होऊन आले ती थेट इकडे नरडाण्याला, काय सांगू तुम्हाला, लांबच पडलं. सासर वाईट नाही हो, उलट प्लास्टिकच्या कॅनच्या कारखान्यात कामाला जाऊ दिलं, नव्या कॅनच्या कडा कापायचं काम, उपकारच म्हणायचे. पण आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली की माझा जीव जळतो. आखाजीला सासुरवाशिणीला न्यायला भाऊ येतो ना. माझ्या जावेचा भाऊ शिरपूरहून कार घेऊन येतो, पांढरी कार, आत थंड हवा. आणि माझा बाळू मोटरसायकलवर.

गेल्या आखाजीच्या आदल्या दिवशी बाळू दारात आला तो पेट्रोलच्या वासासकट. त्याच्या गाडीची टाकी प्लास्टिकची, वरून नुसतं पत्र्याचं झाकण, तिला खालून तडा गेलेला. रस्त्यात त्यानं साबण चोळला होता, तो केव्हाच सुटला. जाऊ ओट्यावरून म्हणते कशी, ओ बाई, तुना भाऊ उना का पेट्रोल पंप उना? भाऊ आला का पंपच आला, म्हणे. बठ्ठी, सगळी गल्ली हसली. वर तिचा भाऊ म्हणतो, नवी टाकी बसवी ल्या ना भाऊ. चांगल्या मनानं म्हणाला तो, तेच मला लागलं. बाळूनं मान खाली घातली. आता ही कारमधून माहेरी जाणार आणि मी सणाला इथंच दारात उभी, असं झालं मला.

मी म्हटलं, उतरव टाकी. पेट्रोल काढलं, साबणाच्या पाण्यानं धुतली, परत धुतली, वास जाईस्तोवर उन्हात ठेवली, तरी भडका उडायची भीती, म्हणून तडा वर करून आत पाणी भरलं. बाळूनं ठिबकच्या नळीचा तुकडा आणला, मळ्यात काहीही फुटलं की आम्ही तीच नळी वितळवून लावतो. लावली, थंड झाली आणि खपलीसारखी निघून आली. नळीचं प्लास्टिक वेगळं, टाकीचं आमच्या कॅनसारखं जाड, तेव्हा मला कॅनचं कात्रण आठवलं. आमचे साहेब कात्रण घरी नेऊ देतात, भलं होवो त्यांचं, मी त्यानं सरपणाची मोळी बांधते. मोळी सोडली. शेजारच्या वायरमनकडून सोल्डर करायची तापणारी दांडी आणली, तडा वितळवत गेले, कात्रण त्यात मुरवत गेले.

तेवढ्यात कारचा हॉर्न वाजला. मी वर पाहिलं नाही. पाहिलं, खोटं कशाला बोलू, जाऊबाई मागच्या सीटवर एकटीच, पाय पसरून.

टाकी पाण्यानं भरून कोरड्या फरशीवर ठेवली आणि तिच्यासमोर बसले. सासू म्हणे, किती देखशी आते, देखी देखी गळाले लागी. नाही गळाली. सकाळी टाकी वाळवून गाडीला बसवली नि निघालो, जिथं थांबू तिथं मी खाली हात फिरवून वास घ्यायचे. दुपारी माहेरी आखाजीच्या झोक्यावर बसले बघा.

टाकी अजून टिकून आहे. जावेच्या भावानं यंदा आणखी मोठी कार घेतली. जळते मी, देवापुढं पण सांगते. म्हणते, देवा, त्या भावाला सुखी ठेव, त्याची कार पण ठेव, फक्त आखाजीला तेवढी पंक्चर होऊ दे, माझा बाळू आधी पोचू दे.