मिस्टर हॉइट, माझं रीळ आणि माझा अंगठा

...नाही, तुम्हीच सांगा, आठास एक गिअरचं रीळ, त्यात दहा बेअरिंग, त्यातली दोन मी स्वतः उपटून सिरॅमिकची बसवलेली, चुंबकाचा ब्रेक, लांब हँडल, सात फूट तीन इंचांची कार्बनची काठी, आणि एवढं सगळं दोन्ही हातांत धरून मी गळ फेकला, तर तो जातो किती लांब? बारा फूट. आमची होडी एकोणीस फुटांची आहे. म्हणजे मी या टोकाला उभा राहून त्या टोकाकडे फेकला, तर गळ होडीतच पडतो. पाण्याशी त्याचा संबंधच येत नाही.

तुम्हाला सांगतो, या रिळाचं दुखणं एकच आहे. गळ हवेत सुटला की चाक फिरतं, दोरी सुटत जाते, इथपर्यंत सगळं छान. मग गळाचा जोर कमी होतो. पण ते चाकाला कोण सांगणार? ते आपलं फिरतंच आहे, फिरतंच आहे, आणि दोरी बाहेर जायच्या ऐवजी आतल्या आत उसळते आणि एका क्षणात असा गुंता होतो की बघवत नाही. आमच्या अलाबामात त्याला पाखराचं घरटं म्हणतात. मी इतकी घरटी बांधलीत की पाखरांनी माझ्याकडे शिकवणी लावावी. उपाय काय? चाकावर अंगठा अलगद टेकवायचा आणि गळ पाण्याला लागायच्या आत दाबायचा. बस्स. शेंबडं पोरही करतं. मी एकोणपन्नास वर्षांचा आहे.

हे मला शिकवलं माझ्या सासऱ्यांनी. मिस्टर हॉइट. वय शहात्तर, बोलणं दिवसाला वीस वाक्यं, त्यातली पंधरा कुत्र्याशी. त्यांचं रीळ एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरचं. कधी उघडलेलं नाही. वर्षातून एकदा शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. आणि त्या डबड्यातून गळ असा सुटतो की पलीकडच्या काठावरच्या झुडपाखाली, बशीएवढ्या जागेत, न वाजता पडतो. आणि मी घरटं उकलत बसलेला असलो की मागे न बघता म्हणतात, "बाळा, दोष रिळात नाही, अंगठ्यात आहे."

आता मला सांगा, असं कुणी तोंडावर म्हटलं तर माणूस काय करेल? नवं रीळ घेईल. मी घेतलं. दुकानदार म्हणाला, "रीळ एक नंबर आहे, पण कंपनीची बेअरिंग म्हणजे काही खरं नाही." बेअरिंग बदलली. मग चाक इतकं सुसाट फिरायला लागलं की नुसतं शिंकलो तरी घरटं व्हायचं. मोबाइलवर एक मिशीवाला आहे, तो म्हणाला, "मित्रांनो, बेअरिंग बदललीत तर चाकही हलकं घ्या." हलकं चाक घेतलं. मग तो म्हणाला, "मित्रांनो, चाक हलकं केलंत तर काठी लवचीक हवी." काठी घेतली. त्या काठीला ते रीळ जड पडायला लागलं, म्हणून दुसरं रीळ. एका रविवारी स्वयंपाकघराच्या टेबलावर ते उघडलं, तर मसुराच्या डाळीएवढी एक क्लिप टण्णकन उडाली, आणि दुसऱ्या दिवशी ट्वायलाने, म्हणजे आमच्या मंडळींनी, घर झाडताना ती व्हॅक्यूमच्या मशीनने ओढून घेतली. मी त्या मशीनची धुळीची पिशवी अंगणात उपडी करून चाळत बसलेलो असताना ती दारातून म्हणते, "वेंडल, आपल्याकडे रिळं किती झाली रे?" मी म्हटलं, चार. अकरा आहेत. आम्ही ज्याच्या मागे लागलोय त्या माशाचं नाव बास, पण बास म्हणायची अक्कल आमच्यातल्या एकालाही नाही.

बरं, हे सगळं चालून गेलं असतं. पण या मार्चमध्ये मिस्टर हॉइट जेवता जेवता म्हणाले, "चर्चची मासे पकडायची स्पर्धा यंदा शेवटची. पुढच्या वर्षापासून मी नाही. गुडघे होडीत ऐकत नाहीत." आता काय सांगू, बत्तीस वर्षं माणूस त्या स्पर्धेत उतरतोय. नऊ वेळा दुसरा. पहिला एकदाही नाही. चर्चच्या हॉलमध्ये जिंकणाऱ्यांच्या नावांची पितळी पाटी आहे, आणि दर रविवारी हे गृहस्थ कॉफी घेऊन बरोबर त्या पाटीकडे पाठ करून उभे राहतात. होडीत दोघंच असतात. मला वाटलं, शेवटच्या वर्षी नेतील कुणातरी हात बसलेल्या माणसाला. तर त्यांनी बीन्सचं भांडं माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "स्पर्धेच्या दिवशी पहाटे पाचला तयार राहा."

मी त्या महिन्यात किती मेहनत घेतली म्हणून सांगू... ब्रेकचा आकडा शून्यापासून दहापर्यंत फिरवून वहीत नोंदी केल्या, वारा समोरून असेल तर किती, पाठीमागून असेल तर किती. ओसरीवरून कचऱ्याच्या बादलीत गळ टाकायचा सराव केला. शेजाऱ्यांचं मांजर आमच्याकडे यायचं बंद झालं.

आणि स्पर्धेच्या दिवशी काय? पहिली फेक, घरटं. दुसरी, घरटं. तिसरी बरी गेली, ती मिस्टर हॉइटच्या टोपीत. त्यांनी टोपी काढली, गळ सोडवला, टोपी घातली. "बाळा, दोष रिळात नाही..." वाक्य पूर्णही केलं नाही. दुपारपर्यंत त्यांनी एकट्याने चार मासे पकडले, चांगले, जाडजूड. पाच मासे मोजतात. एक कमी. मी पकडलेले? शून्य. म्हाताऱ्याचं शेवटचं वर्ष, आणि मागे मी बसलोय, मांडीवर घरटं घेऊन.

तास राहिला असेल. जुन्या पुलाच्या खांबाजवळ मी जीव खाऊन फेकला, आणि तुम्हाला सांगतो, असं घरटं झालं, असं झालं, की रीळ ना पुढे फिरे ना मागे. गळ तिथेच पाण्यात पडला आणि सावकाश तळाशी गेला. मी खाली मान घालून नखाने दोरी उकलतोय, डोळ्यांत पाणी आलेलं, खोटं कशाला बोलू... आणि दोरी चालायला लागली. आपली आपण. खांबाच्या दिशेने.

मी हँडल मारलं. जाम. काठी टाकली पायाशी आणि दोरी हाताने ओढायला लागलो, हातावर हात, विहिरीतून बादली ओढतात तशी. दोरी अंगठ्यात कापत गेली, रक्त आलं, सोडली नाही. मिस्टर हॉइट गुडघ्याचं दुखणं विसरून जाळी घेऊन वाकले आणि वर काय आलं म्हणता? पावणेनऊ पौंडांचा बास. असा मासा त्या तळ्यात गेल्या सहा वर्षांत कुणी बघितलेला नाही.

मासा होडीतल्या हौदात सोडला, झाकण लावलं. जाळी झटकत ते म्हणाले, "काठी-रिळाने ओढलेलाच मासा मोजायचा, तो नियम कितवा?"

मी म्हटलं, "सहावा."

"हं. मला वाटलं सातवा."

संपलं. परत आलो, चर्चच्या हॉलमध्ये वजन झालं. आम्ही पहिले. दोन पौंडांनी पहिले. लोकांनी मिस्टर हॉइटच्या पाठीवर थापा मारल्या, आणि त्यांनी टोपी काढून हातात धरली आणि त्या पाटीकडे तोंड करून उभे राहिले. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. मी काय करत होतो? हळूच दाराकडे सरकत होतो.

कारण अजून यंत्र राहिलं होतं. हो, खोटं पकडायचं यंत्र. दोन वर्षांपूर्वी एकाच्या माशाच्या पोटातून वजन वाढवायला कोंबलेले शिशाचे तीन गोळे निघाले, आणि तो गृहस्थ पोरांना बायबलातल्या दहा आज्ञा शिकवायचा. तेव्हापासून पाद्रीबुवा म्हणतात, "देवावर विश्वास आहेच, पण क्लीटलाही बोलावतो." क्लीट हार्गिस, निवृत्त पोलीस, यंत्र त्याचं स्वतःचं. ज्याने सगळ्यात मोठा मासा पकडला त्याला बसवायचं. म्हणजे मला. बालवर्गाच्या खोलीत, बुटक्या खुर्चीवर, गुडघे हनुवटीला, बोटांना तारा. उकडतंय म्हणून दार सताड उघडं, आणि दारात अख्खं चर्च, हातात तळलेल्या माशांच्या ताटल्या.

क्लीट म्हणतो, "घाबरू नको रे. आधी यंत्र जुळवून घेतो. ज्यांची उत्तरं अख्ख्या गावाला माहीत आहेत असे सोपे प्रश्न. नाव वेंडल टिडमोर?"

"हो." सुई गप्प.

"ट्वायला तुझी बायको?"

"हो." गप्प.

"रिळाने गळ फेकता येतो?"

"हो."

सुई जी उडाली, कागद सोडून बाहेर गेली. क्लीटने यंत्राला टपली मारली. तारा तपासल्या. "परत विचारतो. रिळाने गळ फेकता येतो?" हो म्हटलं. परत उडाली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा दारातली एक बाई ताटली खाली ठेवून बाहेर गेली, हसू आवरेना तिला. क्लीट कुजबुजला, "अरे, हा सोपा होता."

मग खरा प्रश्न आला. "आजचे सगळे मासे काठी-रिळानेच आत घेतले?"

मी दाराकडे बघितलं. सगळ्यांच्या मागे मिस्टर हॉइट. टोपी हातातच. मान हलवली नाही, डोळा मिचकावला नाही, काही नाही. नुसतं 'हो' म्हणायचं होतं हो. सुई उडाली असती तरी सगळे म्हणाले असते, यंत्रच बिघडलंय, मघाशी बघितलं ना. इतकी सोय देवाने करून दिली होती. आणि माझ्या तोंडून काय निघालं?

"नाही."

सुई हललीसुद्धा नाही.

मोठा मासा बाद. चार माशांवर आम्ही पाचवे. पाटी गेली, पहिला नंबर गेला, दुसराही गेला. परतताना गाडीत अकरा मैल माझा पट्टी बांधलेला अंगठा ठणकतोय, आणि मी मनात म्हणतोय, वेंडल, म्हाताऱ्याचा शेवटचा डाव तू मातीत घातलास, आता या माणसाच्या टेबलावर कुठल्या तोंडाने जेवणार?

गॅरेजपाशी गाडी थांबली. मिस्टर हॉइट म्हणाले, "मी 'हो' म्हटलं असतं."

मी म्हटलं, "माफ करा, मिस्टर हॉइट."

"आणि मग दर रविवारी परत पाठ करूनच उभा राहिलो असतो." इंजिन बंद केलं. "गुडघ्यांना सांगतो अजून एक वर्ष काढा म्हणून. पुढच्या वर्षी येतोस?"

मी मान हलवली.

"ठीक. पण गळ मी एकटा टाकणार. तू जाळी धरायची. फक्त जाळी."

तर आता अशी परिस्थिती आहे. अकरा रिळं, नऊ काठ्या, आणि मी जाळीवाला. वाईट नाही वाटून घेत मी, खरंच नाही, जाळी धरायलाही माणूस लागतोच... आणि तुम्हाला सांगतो, घरी जी जाळी आहे ना, तिचा दांडा फारच जड आहे हो. कार्बनच्या दांड्याची मिळते. गुरुवारी येतेय. ट्वायलाला बोलू नका.