नवऱ्याची टिपरी

मला नवऱ्यासंगं टिपऱ्या खेळायला सांगूच नको बाई! मागच्या नवरात्रात आमच्या परतूरच्या गल्लीत बायांनी ठरवलं, अष्टमीला नवरा-बायकोच्या जोड्यांनी खेळायचं. दुपारी तालीम चालल्ती. गाण्याची लय वाढली आणि ह्यांची टिपरी बराबर माझ्या बोटावर बसली. बोट टम्म सुजलं.

दवाखान्यात गेलो. हे गाडी लावून राह्यले होते, म्हणून मी एकटीच आत गेले. सिस्टरनं इचारलं, "कशानं लागलं?" मी कळवळत होते, तोंडातून निघून गेलं, "नवऱ्यानं काठी मारली."

सिस्टरनं दार लोटून घेतलं. हळूच म्हणली, "ताई, भिऊ नका. कवापासून मारतेत?"

"अहो न्हाई! टिपऱ्या खेळताना लागलं!"

"सगळ्या बाया असंच कायतरी सांगतेत. कुणी पायरीवरून पडतंय, कुणाला दार लागतंय."

आता हिला कसं पटवावं? बिचारी माझ्या भल्याचंच बोलून राह्यली होती. म्हणलं, हे आले की त्यांनाच इचारा.

तेवढ्यात हे आत आले. सिस्टरनं दरडावलं, "बायकोला काठीनं मारलं का तुम्ही?"

ह्यांनी मोठ्या समजूतदारपणानं सांगितलं, "मारलं मॅडम, पण चूक हिचीच हाय. किती बार सांगितलं, हात जल्दी मागं घेत जा म्हणून!"

मंग काय! बोट राहिलं बाजूला, पुढचा तासभर मी ह्यांनाच सोडवत बसले.