राजेश्रीचा पहिला तास

हॅलो?… हॅलो, कोण? …सविता? मोठ्यानं बोल बाई, मी गॅसपाशी हाय.

हो, हो… गेली. सकाळीच गेली तुझी वहिनी. परभणीला, कॉलेजात. मीच पाठवली.

कामून म्हंजे? शिकवायला. तुझा भाऊ तिथं काय करायचा, तेच करायला.

अगं ऐक ना… आधी ऐक. तुला तिकडं बोरीत बसून कोणी सांगितलं? …तुझ्या सासऱ्यानं? दिनकररावांनी कुठं बघितलं तिला? …स्टँडसमोर. बरं. मग तोंड झाकून जायला ती काय चोरी करायला निघाली होती?

हो, हरिओमचीच गाडी. मग कशावर जाईल? पोळ्याला तो गेला तवापासून झाकून ठेवली होती. आणखी दोन महिने ठेवली असती तर उंदरांनी वायरी खाल्ल्या असत्या.

कळतंय मला, वर्ष झालं न्हाई. माझा लेक गेलाय सविता, मला मोजायला शिकवू नको.

न्हाई… न्हाई. दिनकररावांना म्हणावं, बाईनं वर्षभर उंबऱ्याच्या आत बसावं ही रीत मला बी ठाऊक हाय. पण कॉलेज बसत न्हाई वर्षभर. नवं सत्र आजपासून सुरू झालं. प्राचार्य सायेब झरीला घरी आले होते. म्हणले, मॅडम शिकलेल्या हायेत, पहिल्या दिवशी वर्गात उभ्या राहिल्या तर हरिओम सरांची जागा त्यांची. न्हाईतर आमाला दुसरं माणूस बघावं लागंल. झालं. एवढीच गोष्ट हाय.

फोन लावून माघारी बोलवू? न्हाई बोलवत. तू बी लावू नको. तास झाला बी असंल आतापर्यंत.

रडायलीस कामून? …मला? मला न्हाई येत. गल्लीतली चांगुणाबाई येऊन बसली होती परवा. म्हणली, तानुबाई, एकदा मोकळं रडून घे. म्हणलं, यायला तर पाहिजे. गार पाण्यात बुडवून ठेवल्यावानी झालंय अंग. भाकरी होते, धुणं होतं. चवीचं काय कळत न्हाई. बाकी ठीक हाय.

काय शिकवायची? …यंत्राला अक्कल कशी येती, ते. हो, तेच, मोबाईलमधी विचारलं की बोलतंय ना, त्यातलं. बीसीएची लेकरं असतेत, खेड्यापाड्यातली. पहिल्यांदाच शिकायलेत. त्यांना मुळापासून सांगावं लागतं.

मला कसं कळलं म्हंजे? मलाच समोर बसवून शिकवलं की तिनं आठवडाभर. मी पाटावर, ती ओट्याला टेकून उभी. मी एकटी सगळा वर्ग. मी म्हणलं, जोरात बोल, मागच्या बाकड्यावर ऐकू येत न्हाई. …हसली न्हाई. पण आवाज वाढवला.

दुसरीपर्यंत गेले म्हणून काय झालं? तुझ्या सासऱ्यानं मॅट्रिक होऊन काय दिवे लावले… बरं, राहू दे. सासरा हाय तुझा.

तर ऐक. त्या यंत्राला कळत काहीच न्हाई, म्हणती. ते नुसतं बघून ठेवतं. ह्याच्या मागून हे येतं, त्याच्या मागून ते येतं. लय वेळा बघितलं की मग पुढचं अंदाजानं सांगतं. आन् हे लेकरांच्या डोस्क्यात शिरावं म्हणून तुझा भाऊ काय सांगायचा, माहिताय? माझं सांगायचा.

हो, माझं. भर वर्गात. म्हणायचा, माझ्या आईला गाडीचा आवाज वळणावर ऐकू आला की ती चहा टाकती. घड्याळ बघत न्हाई. तिला कोणी शिकवलं न्हाई. रोज आवाज येतो आन् मागून मी येतो, एवढंच तिनं बघून ठेवलंय. यंत्र बी असंच शिकतं… मला कधी बोलला न्हाई. आता राजेश्रीकडून कळलं. दरसाल सांगायचा म्हणं. परभणीतली निम्मी लेकरं मला वळखत असतील.

राजेश्री म्हणली, आत्याबाई, मी दुसरं काहीतरी सांगते. शेळी, कुत्रं, कायबी. हे माझ्या तोंडातून निघायचं न्हाई. मी म्हणलं, हेच सांगायचं. शेळी-कुत्रं सांगायचं असलं तर जाऊच नको.

कठोर तर कठोर. …अगं, तिथं उभी राहून हे एकदा बोलली तर पुढचं सगळं बोलंल ती. न्हाई बोलली तर येऊन कोपऱ्यात बसंल, माझ्यावानी. माझं वय हाय बसायचं. तिचं न्हाई.

थांब जरा…

न्हाई. शेजारचा रंगनाथ गेला दारावरून. त्याची गाडी तसल्याच आवाजाची हाय.

…हो, ठेवलं आधण. हात जातोच. रोज हा जातो, रोज मी टाकते. …मग काय, मोरीत ओतते. राजेश्रीनं तर तवापासून चहाच सोडलाय, आन् मला नको वाटतो.

मी तिला तेच विचारलं. म्हणलं, यंत्रानं इतकी वर्षं बघून ठेवलं, आन् मग ते माणूसच गेलं, तर त्याला कोण सांगतं? म्हणली, कोणीच न्हाई आत्याबाई, ते जुन्यावरच चालतं. पुन्हा बसून शिकवावं लागतं त्याला… मला तर सगळं गाव सांगून गेलं, सविता. दहाव्याला, तेराव्याला, हात जोडून. तरी टाकतेच.

हॅलो?… हाय, हाय मी.

दिनकररावांना दे बरं फोन. …न्हाई म्हणतेत? बरं, तूच सांग मग. म्हणावं, तानुबाईची सून हाय, जिम्मा तानुबाईचा. संक्रांत तोंडावर आली, तिला कोणी वाण देऊ नका, ती मागायला येत न्हाई. आन् रस्त्यात दिसली तर तुमीच दुसरीकडं बघा.

तुला जाच करतेत का ह्याच्यापायी? …खरं सांग. …मग ये इकडं चार दिवस.

थांब. थांब सविता…

ही रंगनाथची न्हाई. ही आपली हाय. फाटकापाशी बंद झाली.

आली गं. …ठेवू नको, विचारते.

राजेश्री, सांगितलंस का? …कोणतं? …तेच?

तेच सांगितलं म्हणती. …अगं दम धर, पाणी पिऊ दे तिला.

हो, हो… सांगते, तू मधी बोलू नको. मागून एक पोरगी उठली म्हणं. म्हणली, मॅडम, सर तर आता न्हाईत. मग त्यांची आई अजून चहा टाकतेत का? …हो, अशीच, सगळ्यांसमोर. …लेकरू हाय, विचारलं. त्यात काय.

आन् तू काय म्हणलीस गं?

…रोज टाकतेत, असं सांगितलं म्हणती. आन् पुढं? …पुढं फळ्याकडं वळली, खडू घेतला, तास पुरा केला. उद्या बी तास हाय.

न्हाई, मी रडत न्हाई. चहा वर आलाय, थांब.

…हॅलो? हो, गाळला. तिनंच उचलला कप. हो, चहाचा. मी काय म्हणले न्हाई, तिनंच.

काय गं? …काय झालं चहाला?

साखर न्हाई म्हणती. …न्हाई सविता, आजचंच न्हाई. किती दिवसांपासून टाकत न्हवते कोणाला ठाऊक. मोरी काय सांगायची.

ठेव आता. साखरेचा डबा वरच्या फळीवर हाय, तिचा हात पुरत न्हाई. ठेव.