घरची मुकादमी

मी मूळची जावळीतली, मेढ्याच्याबी वर, डोंगराला चिकटलेलं गाव आमचं. शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला जायचं तर ओढा ओलांडून पलीकडच्या गावाला, आन पावसाळ्यात त्या ओढ्यात म्हस उतरायला भ्यायची तिथं पोरगी कोण पाठवणार, तवा बापानं सांगितलं बास झालं, सही येती न्हवं आता. सही येती, पाट्या वाचता येतात, जोडाक्षर आलं की मी थांबते. लग्न झालं आन इकडं आले. आमचे मालक कांदा-बटाट्याच्या मार्केटात माथाडी, पाठीवर गोणी घ्यायची, गाडीतनं गाळ्यात, गाळ्यातनं गाडीत. बाजार मुंबईतनं वाशीला आला तसे हेबी इकडं आले, आन कोपरखैरण्याला आमाला खोली मिळाली. स्वतःची खोली, ताई, नळ दारात. लई उपकार देवाचे. म्हणून तर तक्रार करायला जीभ उचलत नव्हती माझी.

एक गोष्ट आधी सांगते, तिच्याशिवाय पुढचं कळायचं न्हाई. माझी एक मावशी होती, मोठ्या खटल्याच्या घरात दिलेली. ती एकटीच बोलायची, बोटं मोजत, पाणी भरताना, भाकरी थापताना. सासरच्यांनी ठरवलं हिला येड लागलं, चार दिवस माहेरी ऱ्हाऊ दे, आन एक गाठोडं देऊन आणून सोडली. ते चार दिवस कधी संपलेच न्हाईत. पोरं तिकडं, ही इकडं गोठ्याच्या कडंला. मी लहान, आजोळी गेले की तिच्या मांडीवर बसायचे, ती काय पुटपुटती ते मला ऐकू यायचं. कुणाचं ताक, कुणाची भाकरी, शेतावरनं अजून कोण आलं न्हाई. पोरं जवळ न्हाईत तरी ती त्यांची जेवणं लावत बसायची. तवा मला वाटायचं, येड म्हणत्यात ते हेच आसंल.

आता आमच्या खोलीत माणसं किती ते विचारू नका. आमी दोघं, सविता आन संतोष ही दोन पोरं, एवढं आमचं. पण गावाकडनं कुणी कामाला आला, कुणी दवाखान्याला आला की उतरणार आमच्याकडंच, आमच्या भागातल्या सगळ्यांच्या घरी तसंच, त्याला कुणी न्हाई म्हणत न्हाई, हेबी असेच कुणाच्या तरी खोलीवर राहून कामाला लागले. आन काम मला जड नव्हतं. काय सांगू तुमाला, भाकरी कितीबी थापाव्यात, हात आपोआप चालतो. जड व्हायचं ते ध्यानात ठेवायचं. नळ सकाळी येणार आन लगेच जाणार, त्याच्या आत पिंप भरायचं, ह्यांची गाडी लवकर लागली तर डबा लवकर, उशिरा लागली तर डबा मार्केटात पाठवायचा तो कुणाबरोबर, संतोषची पांढरी बुटं शनिवारी लागणार म्हंजे आधी धुवायची, पाव्हण्याला डॉक्टरनं मीठ बंद केलंय, गॅसचा नंबर लावायचाय, सासूबाईंच्या गुडघ्याच्या गोळ्या संपत आल्या असतील, गावाला कोण चाललंय, चुलत सासऱ्यांचं दहावं कुठल्या वाराला, सविताच्या बाईंनी भेटायला बोलावलंय. एक काढलं की दुसरं. आन ह्यातलं काईच कुणाला दिसत न्हाई, ताई. ताटात भाकरी दिसती, पीठ संपत आलंय हे कुणाच्या ध्यानात होतं ते कुठं दिसतंय.

एकदा नळावर हंडा लावलेला, भरून वाहायला लागला तरी मी उभीच. शेजारची गोमीबाय, गावठाणातली आगरी बाई, दारोदार भाजी विकायची, ती म्हणली, काय गो बाय, कोनाशी बोलतस? मी म्हणलं कुणाशी न्हाई. ती म्हणली, मंग ओठ कशाला हलतान, पानी बग चाल्लंय सगला. मी खाली बघितलं तर माझी बोटं मोजत होती. मावशी आठवली.

चाळीत सगळ्या आमच्याच भागातल्या बाया, कुणापुढं बोलले तर आठवड्यात गावात पोचलं असतं, म्हणून गोमीबायलाच सांगितलं, मला येड लागतंय बहुतेक. ती हसली. येडी बाय कंदी पाव्हन्याचा मीठ ध्यानात ठेवतंय व्हय गो, म्हणली. तेवढ्यानं दिवसभर बरं वाटलं. डॉक्टरकडं गेले, त्यांनी छाती तपासली, टेन्शन घेऊ नका म्हणले, लाल गोळ्या दिल्या. आता त्या गोळ्या कधी घ्यायच्या तेबी मलाच ध्यानात ठेवायचं आलं.

मग ते पिशवीचं झालं. गावाला कुणी निघालं की त्याच्याबरोबर पिशवी द्यायची, आमच्यात तशीच पद्धत. सासूबाईंच्या गोळ्या, बाम, शेंगदाण्याचे लाडू, अशी पिशवी भरून ठेवली. संतोषचं दप्तर फाटलेलं, म्हणून त्याची पुस्तकंबी तसल्याच पिशवीत. आन दिली मी नेमकी ती गावाला. तिकडं सासूबाईंनी पिशवी सोडली तर आत तिसरीचं गणित. इकडं पोरानं बाईंसमोर पिशवी उघडली तर बाम आन लाडू. त्यानं लाडू वर्गात वाटून टाकले, ते सोडा. पण सासूबाईंचा निरोप आला, सूनबाईचं डोकं ठिकाणावर न्हाई, होळीला थोरला येतोय, परत निघंल तवा त्याच्याबरोबर तिला चार दिवस लावून दे, पोरं तिकडंच ऱ्हाऊ देत, शाळा बुडायला नको.

चार दिवस. पिठात घातलेला हात पिठातच राहिला माझा. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, त्यांना वाटलं असंल सून दमली. हेबी म्हणले, जा की, जरा हवापालट, पोरांचं मी बघतो. का जायचं न्हाई ते सांगायचं तर मावशीचं सांगावं लागणार, आन लग्न जमवताना मावशीचं झाकून ठेवलेलं.

होळीच्या आधी ह्यांच्या टोळीचा मुकादम मुलीच्या लग्नाला गावाला गेला. मुकादम म्हंजे तो गोणी उचलत न्हाई. कुठली गाडी आली, कुठल्या गाळ्याला लागणार, कुठला माणूस कुठं लावायचा, आज कोण आजारी, सगळं त्यानं बघायचं. आन मजुरी वाटताना त्याचा वाटा सगळ्यांच्या बरोबरीनं, कुणी म्हणत न्हाई की हा नुसता उभा होता. ते काम ह्यांच्यावर आलं. हे खुशीत, म्हणले पाठीला जरा आराम.

दोन-तीन दिवस गेले आन दुपारी हे जेवायला बसले तर घास हातात तसाच. ओठ हलतायत. बोटं मोजतायत. मी भाजी वाढली तर म्हणले, लासलगावची पलीकडच्या गाळ्याला लाव. मी म्हणलं, काय? तर दचकले. म्हणले, अगं एक गोणी उचलली न्हाई मी, तरी एवढा दमलोय की विचारू नको. डोक्यात गाड्याच गाड्या. एक रिकामी झाली की मागं दुसरी उभी.

मला आधी हसू आलं, मग रडू आलं, ताई, आन रडता रडता सगळंच बाहेर आलं, मावशी, बोटं, ते चार दिवस. मी म्हणलं, मला येड लागलं असंल तर तुमालाबी लागलंय, आन तुमाला न्हाई तर मलाबी न्हाई. ह्या गाड्या माझ्या डोक्यात लग्नापासनं लागल्यात. मुकादम मीच आन गोणीबी मीच उचलायची. काईबी करा, पण पोरांपासनं मला लांब पाठवू नका.

तेवढ्यात संतोष आला, आई माझी पांढरी बुटं कुठंयत, मी तोंड उघडणार तर हे म्हणले, तिला विचारू नको रं, शोध.

होळीला थोरले दीर आले. माझं गाठोडं मी बांधून ठेवलेलं, मला भरवसा नव्हता. हे म्हणले, दादा, ती यायची न्हाई, तिचं डोकं जाग्यावर आहे, त्याच्यावर वजन जास्त झालंय, ते मी उतरवतो. दादा म्हणले, बायकोचा बैल झालास की रं. हे म्हणले, मार्केटात रोज बैलच असतोय की मी. दादांनाबी हसू आलं. आईला मी येऊन सांगतो, हे म्हणले, आन खरंच जाऊन सांगून आले.

आता उतरवलं म्हंजे लगेच उतरलं असं न्हाई. आधी म्हणायचे, तू सांग, मी करतो. मी म्हणलं, सांगायचं म्हंजे ध्यानात ठेवायचं मीच की. मग त्यांनी टोळीसारखं ठरवलं. टोळीत गाडी घेतली म्हंजे रिकामी होईस्तोवर घेणाऱ्याची, मधीच दुसऱ्याला हाक मारायची न्हाई. नळ, पाव्हणे आन गावाला द्यायच्या पिशव्या त्यांनी घेतल्या. पहिल्याच आठवड्यात पाणी भरायचं राहिलं. मला दिसत होतं नळ जायला आलाय, तरी जीभ दाताखाली धरून बसले, सोपं नव्हतं ते. मग गोमीबायकडनं हंडे त्यांनीच आणले, आन गोमीबायनं चाळभर ओरडून सांगितलं, बगा गो, शालूचा नवरा पानी भरतंय! तोंड लाल झालं ह्यांचं, पण हंडा खाली ठेवला न्हाई.

सगळं गेलं असं मी म्हणणार न्हाई. अजूनबी कधी बोटं मोजते, माझा जीवच घाबरा, त्याला काय करणार. सविता आता दहावीला आहे, तिची काळजी आहेच. पण पोरं जवळ आहेत, माझ्या हाताला लागतील एवढ्यावर झोपतात. मावशी मागंच वारली. तुला काई झालं नव्हतं गं, एवढं तिला सांगायचं राहिलं. बाकी देवानं भरपूर दिलं, त्याच्या घरचं मागणं आता काई न्हाई. तुमच्याबी लेकीबाळींना सुखाची झोप मिळू दे.

आज रविवार, मार्केट बंद. रविवारचं जेवण ह्यांच्याकडं. सकाळीच दिवाळे गावात गेलेत मासळी आणायला, तिथं खाडीला होड्या लागतात. काय आणतील, किती आणतील, घरात नारळ आहे का, मी काई बघितलं न्हाई. तुमी जेवूनच जा, ताई. काय आहे ते मात्र मला विचारू नका, मला ठाऊक न्हाई.