वाळवी विरुद्ध गोगलगाय

नाही, नाही, बसा, तक्रार मी केलीय तर उत्तरंही मीच देणार — ती खुर्ची नको, तिचा पाय डुगडुगतो, ही घ्या. स्पर्धेच्या समितीकडून आलात ते कळलं, पण खेळ किती कळतो तुम्हाला? थोडाफार! म्हणजे काहीच नाही. कमाल आहे तुमच्या समितीची. असू दे, मी या खोलीत रोज तेरा संगणकांवर तेरा ठोंब्यांना शिकवतो, चौदावे तुम्ही. हे बघा — आठ हजार घरांचा एक पट, तोही संगणकाच्या पोटात. त्यात दोन प्रोग्राम सोडायचे, एक चाल याची, एक त्याची. समोरच्याच्या घरात सुरुंग टाकायचा, सुरुंगावर ज्याचं पाऊल पडलं तो मेला. आपण नुसतं बघायचं, मध्ये हात घालता येत नाही — काय शहाणपण असेल ते आधी लिहून ठेवायचं. नुसती मान हलवू नका, कळलं नसेल तर विचारा.

तर माझा प्रोग्राम वाळवी. सहा वर्षं विजेता. आणि तिचा — गोगलगाय! नाव बघा. धाकटी बहीण माझी, चष्म्याच्या दुकानात काचा घासते, आणि दर रविवारी इथे येऊन बसायची — दादा, हे असं का, दादा, ते तसं का — डोकं खायची नुसतं. शिकवली मी. तिच्या गोगलगाईला धड पळता येत नाही, सरकते आणि बसते, सरकते आणि बसते. आणि ती अंतिम फेरीत माझ्या वाळवीला हरवते? टाळ्या काय वाजवल्या लोकांनी! मी म्हटलं, थांबा, ही चोरी आहे. पुरावा फॉर्मवर लिहिलाय — तिच्या प्रोग्रामची नववी ओळ. 'समोर सतरा दिसला तर मारू नकोस, बाजूला हो.' ही ओळ माझी, अक्षरन् अक्षर माझी. वाळवी पटभर स्वतःची पिल्लं सोडते, म्हणजे स्वतःच्याच नकला, त्या प्रत्येकाच्या कपाळावर सतरा लिहिलेला, म्हणजे एकमेकांना ओळखतील, आपलं म्हणून सोडून देतील. त्या ओळीला आम्ही नावच ठेवलं होतं — 'आपलं'. तिला कुठून मिळाली? अं... मी दिली. हो, मीच, माझ्या हातानं टाईप केली. सरावाला दहा-दहा जणांचे प्रोग्राम एकाच पटावर सोडतात, त्यात आम्ही दोघांनी एकमेकांना मारू नये म्हणून. तिच्या गोगलगाईच्याही कपाळावर सतरा लिहून दिला. म्हणाली, दादा, हे शेवटपर्यंत ठेवायचं हं. ठेवू म्हटलं. पण दिली म्हणून काय झालं? दुसऱ्याची ओळ चालत नाही, नियम तुमचाच आहे ना? मी सही केली की तिचं जिंकणं रद्द आणि वर दोन वर्षं बंदी. होऊ दे. शिकेल.

काय? माझ्यात कुठाय ती ओळ? आहे की, नववीच — दाखवा बघू. हं. नाही. बरं, नाही, काढली मी. उपांत्य फेरीनंतर एक दिवस बदल करायची मुभा असते, त्यात काढली, गुन्हा आहे का? का म्हणजे! समोर तीच येणार होती. दोघांत ती ओळ ठेवली तर दोघं एकमेकांना टाळत बसणार, सामना बरोबरीत. सहा वर्षांचा विजेता, आणि काचा घासणाऱ्या बहिणीशी बरोबरी? आणि ती काढणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं — ठेवायचं म्हटलं की ठेवणारी आहे ती, बावळट. म्हणजे ती मला सोडणार आणि मी तिला — हो. तसंच. माझं तोंड काय बघताय?

चाचणी? एक ओळ काढायला कसली डोंबलाची चाचणी? हे वाक्य इथल्या कुणी बोललं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर काढला असता, माहितीये मला. चालवा तुमचं ते सामन्याचं चित्रण, एकेक चाल चालवा, दाखवा गोगलगाईनं मला कुठे मारलं ते. ही वाळवी. ही पिल्लं, आठ झाली, सोळा झाली. हा सुरुंग कुणाचा? माझा. आणि हा? माझाच — थांबा, मागे घ्या. मेलं तेही माझं, मारलं तेही माझंच. 'आपलं' काढून टाकलं, मग आपलं कोण ते कळणार कसं त्यांना? एकमेकांतच संपली सगळी, तिच्यापर्यंत कुणी पोचलंच नाही. आणि ती आपली कोपऱ्यात — माझा सतरा दिसला की बाजूला होते. परत बाजूला होते. एकही सुरुंग टाकला नाही हो तिनं माझ्यावर. लाज वाटते मला. लिहून घ्या हवं तर.

तिला विचारलंत तुम्ही? मग, काय म्हणाली? 'दादा म्हणेल तसं लिहा.' एवढंच? मूर्ख आहे, पहिल्यापासून मूर्ख आहे — आणा तो फॉर्म इकडे. हे घ्या तुकडे, समितीला द्या. फक्त एक करा, मी ती ओळ काढली होती हे तिला सांगू नका. काय? बघितलंय तिनं हे? कधी? सामना झाला त्याच दिवशी? म्हणजे तुम्हाला ती 'दादा म्हणेल तसं' म्हणाली, ते हे सगळं बघून—

उठा. बॅचची वेळ झाली. निघा तुम्ही.